वर येण्याची विद्या

पाणबुडी बुडवायला अक्कल लागत नाही. एक भोक पुरतं. अर्धवट आवळलेला बोल्ट, घाईत बसवलेलं झाकण, दोन आटे कमी फिरवलेलं बूच, यांतलं काहीही चालतं. माझी पहिली पाणबुडी बनियनच्या एका धाग्याने बुडवली. ती हकीकत पुढे येईल. अवघड आहे ते तिला वर आणणं, आणि तेही आपण काठावर कोरडे उभे असताना. घरी बनवलेली पाणबुडी पाण्याखाली गेली की बघे टाळ्या वाजवतात. बनवणारा वाजवत नाही. तो मनात आकडे मोजत असतो.

मी तीस वर्षं पंपांच्या देखभालीत काढली. पंपवाल्याचं पाण्याशी नातं सरळ असतं. पाणी आत राहिलं पाहिजे, आणि गळलंच तर ग्लँडमधून थेंब थेंब, मोजून. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात मी उलटा धंदा मांडला. आता पाणी बाहेर राहायला हवं होतं. तीस वर्षांचं ज्ञान सगळं कामी आलं, फक्त स्वेटर उलटा करून घालावा तसं ते उलटं करून घ्यावं लागलं. या पुस्तकात जे आहे ते त्या उलट्या केलेल्या ज्ञानातून आलं आहे.

रेडिओवर चालणारी विमानं आपल्याकडे पुष्कळांनी पाहिली आहेत. ड्रोन तर आता लग्नाच्या मांडवावरही घिरट्या घालतात. होड्या करणारेही आहेत. पाणबुडीकडे मात्र फार थोडे वळतात, आणि त्याला कारण आहे. विमान पडलं तर डोळ्यांदेखत पडतं, तुकडे गोळा करून घरी आणता येतात. होडी बंद पडली तर वारा तिला कधी ना कधी काठाला लावतो. पाणबुडी खाली राहिली तर वर्षाची मेहनत गाळात जाते आणि नेमकी कुठे गेली हेही कळत नाही. युरोप-अमेरिकेत या छंदाची मंडळं आहेत, तयार सामान मिळतं, रेव्हेल कंपनीच्या १:७२ मापाच्या प्लास्टिक संचातून पुष्कळांनी सुरुवात केली आहे. आपल्याकडे सगळं सामान चार ठिकाणांहून जमवावं लागतं: पाइप शेतीच्या दुकानातून, रेझिन फायबरवाल्याकडून, सील बेअरिंगच्या दुकानातून आणि सल्ला लेथवाल्याकडून, न मागता.

पण या विद्येचे खरे गुरू आपल्या गावच्या तळ्यातच पोहत असतात. टिबुकली आठवा. मुठीएवढा पक्षी, जरा चाहूल लागली की सूर मारतो आणि भलतीकडेच वर येतो. कधी कधी ती सूर न मारता नुसती खाली जाते, लिफ्ट उतरावी तशी, आणि शेवटी फक्त डोकं पाण्यावर राहतं. पिसांत धरून ठेवलेली हवा ती अंग आवळून बाहेर काढते. शरीर तेवढंच, वजन तेवढंच, पण पाण्यात व्यापलेली जागा कमी झाली. पाणबुडीची सगळी कळ यात आली. दुसरा गुरू पाणकावळा. त्याच्या बाहेरच्या पिसांत पाणी शिरतं, म्हणून तो सहज खाली राहतो आणि मग खडकावर पंख पसरून वाळवत बसतो. बाहेरचं आवरण भिजू द्यायचं आणि आतला गाभा कोरडा ठेवायचा, ही त्याची पद्धत. या पुस्तकातली पाणबुडी पाणकावळ्यासारखी भिजते आणि टिबुकलीसारखी वरखाली करते.

माणसांनी ही विद्या पक्ष्यांपेक्षा बऱ्याच हालांनी मिळवली. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने १६२० च्या सुमारास लंडनच्या थेम्स नदीत वल्ह्यांची, चामड्याने मढवलेली बुडती नाव चालवून दाखवली. आधुनिक पाणबुडीचा जनक मानला जाणारा जॉन हॉलंड हा आयर्लंडहून अमेरिकेत गेलेला शाळामास्तर. त्याने १८७८ साली न्यू जर्सीतल्या पसेइक नदीत आपली पहिली, जेमतेम चार मीटरची, एका माणसाची पाणबुडी उतरवली. चाचण्या उरकल्यावर तिचं इंजिन काढून घेतलं आणि सांगाडा नदीतच सोडून दिला. १९२७ साली तो गाळातून वर काढला. आज तो पॅटरसन शहराच्या संग्रहालयात आहे. पुढे १९०० साली अमेरिकी नौदलाने हॉलंडची सुधारलेली पाणबुडी विकत घेतली. दोन वर्षं आधी, १८९८ मध्ये, निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका हौदात तारेविना चालणारी छोटी नाव दाखवली होती. शाळामास्तराची पाणबुडी आणि टेस्लाची बिनतारी नाव यांचा संसार जुळवला की आपला छंद तयार होतो. माझ्या पिढीच्या मराठी मुलांना पाणबुडीचं वेड लावलं ते ज्यूल व्हर्नने, भा. रा. भागवतांच्या हातून. कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, हे कळल्यावर त्या वयात छाती उगाच दोन इंच फुगली होती.

हा निव्वळ पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेचं नौदल आयडाहो राज्यातल्या एका खोल सरोवरात स्वतःच माणसाविना चालणाऱ्या मॉडेल पाणबुड्या फिरवतं. त्यांतली पहिली सीवुल्फ वर्गाच्या पाणबुडीची चौथ्या हिश्श्याची प्रतिकृती होती, दुसरी तर तीस मीटरहून लांब आहे. पहिलीचं नाव ‘कोकनी’. आमच्याकडचे मालवणी शेजारी हे ऐकून खूश झाले होते. ते एका माशाचं नाव आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता आपली पाणबुडी. मी निवडली ती आयएनएस खांदेरी. कारण साधं आहे: ती मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, आयएनएस शल्की, याच गोदीतून ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. फ्रेंच आराखड्यावरच्या कलवरी वर्गातली दुसरी पाणबुडी खांदेरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी दाखल झाली. नाव अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात असलेल्या बेटाचं, जिथे १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकरवी किल्ला उठवला आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडवली. ज्या पाणबुडीचं नाव घेताच शेजारचा शाळकरी मुलगा गोष्ट सांगायला लागतो, तीच करावी. पुढच्या वर्षभरात मदतीला तोच येणार असतो.

खऱ्या खांदेरीची लांबी ६७.५ मीटर, रुंदी ६.२ मीटर, पाण्याखाली असताना विस्थापन सुमारे १,७७५ टन. तिला ३० ने भागलं की लांबी सव्वादोन मीटर आणि रुंदी २०.७ सेंटिमीटर. वजनाला मात्र ३० ने भागायचं नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही तीसपट घटल्या, म्हणून २७,००० ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ६६ किलो. हेच मॉडेल निम्म्या लांबीचं केलं तर वजन निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं: जेमतेम सव्वाआठ किलो. नवशिक्याला वाटतं लहान करणं सोपं. मी उलट सांगतो. बॅटरी, मोटर, रिसीव्हर, सील हे काही आपल्या हट्टाखातर आकसत नाहीत, आणि सव्वाआठ किलोत पंचवीस ग्रॅमची चूक ही ६६ किलोत दोनशे ग्रॅमची चूक असते. मोठी पाणबुडी चुका पोटात घालते. ती चालतेही भारदस्त. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात हौदात मॉडेल ओढून दाखवून दिलं की लाटा खऱ्यासारख्या उठायच्या तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करावा लागतो. खरी खांदेरी पाण्यावर ताशी २० किलोमीटर धरली, तर आपलीने ताशी साडेतीन-पावणेचार किलोमीटरने जावं. संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांची चाल. तेवढ्याच चालीने नाकावर पाण्याची जी घडी पडते, ती पाहून जुने खलाशीही मान डोलावतात. पाण्याचा थेंब आणि बुडबुडा मात्र तेवढाच राहतो. पाण्याला स्केल लागत नाही, ही एकच खोड मॉडेलकाराला आयुष्यभर पुरते.

आराखडा कुठून आणायचा, हा प्रश्न सगळे विचारतात. आणायचाच नाही. नौदलाच्या पाणबुडीचे आतले नकाशे मिळत नाहीत आणि मिळवायच्या फंदात पडूही नये. प्रसिद्ध झालेली मापं, जलावतरणाचे आणि समारंभांचे फोटो, बातम्यांतली दृश्यं, एवढ्यावर बाहेरचा आकार नीट उभा राहतो. आतली रचना आपली स्वतःची असते, आणि ती खऱ्यापेक्षा अगदी वेगळी असते. खऱ्या खांदेरीच्या नाकात ५३३ मिलिमीटरच्या सहा टॉर्पेडो नळ्या आहेत. आपल्या मापात प्रत्येक नळी १८ मिलिमीटरहून जराशी कमी, करंगळी जाईल एवढी. माझ्या मॉडेलमध्ये त्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. तिथे भोकं पाडायची हिंमत पंपवाल्याची होत नाही.

बाहेरचं कवच फायबरग्लासचं. त्यासाठी आधी पॅटर्न करायचा. पाणबुडीचा मधला भाग नळीसारखा असतो, ही देवाची कृपा. शेतीच्या पाइपच्या दुकानात २०० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप मिळतो. त्यावर सगळीकडून साडेतीन मिलिमीटर पुट्टी चढवली की बरोबर २०७. नाक आणि शेपूट लाकडाचं, लेथवर काढलेलं. मग मेणाचं पॉलिश, त्यावर साचा दोन अर्ध्यांत, आणि साच्यातून कवच. गणपतीच्या कारखान्यात एखादी दुपार बसून साच्याचं काम पाहिलेल्याला हे प्रकरण वाचावंही लागणार नाही. सांधा कुठे घ्यावा, ओढताना काय अडकेल, कान कुठे तुटेल, हे सगळं तिथे दिसतं. फरक एवढाच की गणपती पाण्यात विरघळावा अशी आपली इच्छा असते. रेझिन आणि हार्डनरचं काम मात्र गच्चीवर, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि मास्क लावूनच करावं. मी पहिला थर घरात दिला. तीन मजल्यांवरच्या शेजाऱ्यांनी गॅसची तक्रार केली, आणि आमच्या हिने तीन दिवस माहेरी स्वयंपाक केला.

हे कवच कोरडं ठेवायचं नाही. त्याच्या बुडाला आणि कडेला फटी ठेवायच्या, पाणी मोकळं आत शिरू द्यायचं. ६६ लिटरच्या आकारात माझ्या मॉडेलमध्ये सुमारे ३६ लिटर पाणीच असतं. बाहेर काढून पाणी गळू दिलं की उरतं सुमारे ३० किलो, दोन माणसं उचलू शकतील एवढं. याचा दुसरा फायदा मोठा आहे. पाणबुडी वर येते तेव्हा डेकखालचं पाणी फटींतून आपोआप वाहून जातं, ते आपल्याला उचलावं लागत नाही. म्हणून पूर्ण कोरड्या मॉडेलला जिथे सहा लिटरची टाकी लागली असती, तिथे मला दोन लिटर पुरतात. पाणकावळ्याने हे फार पूर्वी ओळखलं आहे.

कोरडा राहतो तो आतला सिलिंडर: १५० मिलिमीटर व्यासाची, मीटरभर लांबीची अॅक्रिलिकची पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना अॅल्युमिनियमची झाकणं, त्यांना आवळून धरणारे आट्यांचे लांब रॉड. पारदर्शक अशासाठी की आत घाम आला तरी दिसावा. दोन मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं. त्याला झाकणाच्या क्षेत्रफळाने गुणा: ३५ किलो. एवढा भार सतत दाराशी उभा राहून एखादी फट शोधत असतो. त्याच्या वाटेत असते ती ओ-रिंग. तीन मिलिमीटर जाडीची रिंग खाचेत बसवून झाकण ओढलं की ती अर्धा ते पाऊण मिलिमीटर दबली पाहिजे. कमी दबली तर गळते, जास्त दबली तर कापली जाते. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं ते चमक येईल इतकंच, लोण्यासारखं थापायचं नाही.

आता धाग्याची गोष्ट. पहिली पाणबुडी मीटरभराची होती. एका पोहण्याच्या तलावावर तिला उतरवायच्या सकाळी मी खाच स्वच्छ पुसली, जुन्या बनियनच्या चिंधीने. ग्रीस लावलं, झाकण बसवलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, सगळं पुस्तकातल्यासारखं. पाणबुडी गेली, वळली, दोनदा वर आली. तिसऱ्यांदा शेपटाकडून कलली आणि तशीच फरशीवर जाऊन टेकली. पोहायला शिकवणाऱ्या पोराने सूर मारून ती काढून दिली. आत वाटीभर पाणी होतं. रिंग बाहेर काढली तेव्हा काही दिसेना. भिंग घेतलं, तेव्हा दिसला: इंचभर सुती धागा, रिंगवर आडवा, एक टोक आत आणि एक टोक बाहेर. दाबाने तो चपटा झाला होता, नखाला लागतही नव्हता. पण कापूस तो, त्याने आपलं काम केलं. समईतली वात तेल ओढते तसं त्याने पाणी आत ओढलं, शांतपणे, सकाळभर. त्या दिवसापासून खाच पुसायला चष्म्याचं कापड, पुसल्यावर भिंग, आणि भिंगानंतर दुसऱ्याचे डोळे, हा आमच्याकडे नियम आहे. सील तपासायची पद्धत पंक्चरवाल्याकडून घ्या: सिलिंडर पिंपात बुडवा, पंपाने किंचित हवा भरा आणि बुडबुडा शोधा. पण हातपंपाचे जोराचे झटके मारू नका. जे ३५ किलो बाहेरून आत ढकलत होते तेच आता झाकण तुमच्या तोंडावर फेकायला टपलेले असतात.

बुडायचं आणि वर यायचं कसं, याच्या चार-पाच पद्धती आहेत आणि प्रत्येकीचे भक्त आहेत. कुणी डब्यातला द्रवरूप वायू सोडून टाकी रिकामी करतो, कुणी पंपाने रबरी फुगा भरतो. मी पिचकारी निवडली. रंगपंचमीची पिचकारी सगळ्यांनी हाताळलेली आहे: दांडा ओढला की पाणी आत, ढकलला की बाहेर. दोन टोकांना एकेक लिटरच्या दोन पिचकाऱ्या, दांड्याच्या जागी आट्यांचा रॉड आणि तो फिरवणारी गिअरची मोटर. दांडा किती सरकला यावरून पाणी किती घेतलं हे ग्रॅममध्ये कळतं. पुढची जास्त भरली तर नाक खाली, मागची भरली तर शेपूट खाली.

इथे एक आपली म्हण शब्दशः खरी ठरते. बुडत्याचा पाय खोलात. कवचाच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा अडकला तर तो पाणबुडीला वर धरतो, आणि आपण त्याच्या भरवशावर वजन जमवतो. दोन मीटर खाली गेल्यावर त्याच बुडबुड्याचे तीनशे मिलिलिटर आक्रसून अडीचशे होतात. आधार पन्नास ग्रॅमने घटला, म्हणून पाणबुडी आणखी खाली जाते. खाली गेली म्हणून तो आणखी घटतो. म्हणून कवचाच्या प्रत्येक उंच कोपऱ्याला बारीक भोक हवं, हवा निघून जाण्यासाठी. पाण्याखाली अधांतरी स्थिर उभी असलेली पाणबुडी हा खरं तर डोळ्यांचा भास आहे. ती नेहमी कणभर खाली जात असते किंवा कणभर वर येत असते, आणि पाती हलवून, पिचकारीत दोन ग्रॅम इकडचे तिकडे करून तिला सावरलं जात असतं. घरातल्या खर्चाचं जसं.

रेडिओचं प्रकरण सगळ्यात जास्त वेळा लिहिलं आणि फाडलं. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्या लहरी वीतभर पाण्यात विरून जातात. २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे जुन्या पद्धतीचे संच गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर खाली पोहोचतात; बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात त्याहून कमी आणि समुद्रात जवळजवळ नाहीच. हे दुखणं खऱ्या पाणबुड्यांचंही आहे. खोल पाण्यातल्या पाणबुड्यांना निरोप द्यायला भारतीय नौदलाने तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र उभारलं आहे. तिथून अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी सोडतात, कारण तशाच लहरी समुद्रात काही मीटर उतरतात. शेततळ्याच्या काठावर ट्रान्समीटर उंच धरून उभ्या असलेल्या माणसाचं दुःख नौदलाला ठाऊक आहे, हा त्यातला दिलासा.

म्हणून संकेत तुटला तर काय, याचं उत्तर पाणबुडी पाण्यात जाण्याआधी तिच्या पोटात असलं पाहिजे. संकेत तुटला तर पिचकाऱ्या पाणी बाहेर ढकलतील. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली तर ढकलतील. सिलिंडरच्या तळाशी दोन तारांमध्ये पाण्याचा थेंब आला तरी ढकलतील. आणि पिचकाऱ्याच अडकल्या तर? त्यासाठी वेगळ्या बॅटरीवरची पकड आहे, जी पोटाखालचं दोन किलो शिसं सोडून देते. हा अतिरेक वाटला तर १० एप्रिल १९६३ आठवा. अमेरिकेची थ्रेशर ही अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये खोलीची चाचणी देताना १२९ माणसांसह गेली. चौकशीत निघालेलं बहुधा कारण असं की आधी पाइपचा सांधा फुटला, अणुभट्टी बंद पडली, आणि मग टाक्या रिकाम्या करायला हवा सोडली तेव्हा तिच्यातल्या ओलाव्याचा बर्फ होऊन जाळ्या तुंबल्या. बुडायची यंत्रणा ठीक होती. वर यायची यंत्रणा गरज पडली तेव्हाच अडली. त्यानंतर अमेरिकेने पाणबुडीच्या प्रत्येक सांध्याचा हिशोब ठेवणारी ‘सबसेफ’ ही पद्धत सुरू केली. आपल्या मॉडेलमध्ये माणसं नसतात, म्हणून आपण हसतखेळत शिकू शकतो. पण शिकायचं तेच असतं.

पाणी कुठलं, हेही आधी ठरवावं. माझं मॉडेल बाहेरचं पाणी सोडून सुमारे ३० लिटर जागा व्यापतं. गोड्या पाण्यात जुळवलेलं वजन घेऊन ते समुद्रात नेलं तर खारं पाणी दर लिटरला सुमारे २५ ग्रॅम जड, म्हणून पाऊण किलो शिसं जास्त लागेल. जानेवारीत २० अंशांच्या पाण्यात जुळवलेली पाणबुडी मे महिन्यात ३० अंशांच्या पाण्यात पाऊणशे ग्रॅमने जड पडते. त्यामुळे दर वेळी काठावर वजन पुन्हा जुळवावं लागतं. आमच्या डब्यात शिशाचे छर्रे औषधाच्या पुड्यांसारखे मोजून बांधलेले असतात. पोहण्याचा तलाव सर्वांत चांगला, कारण तळ दिसतो. धरणावर किंवा खाडीत परवानगीशिवाय जाऊ नये, आणि गोदीच्या किंवा नौदलाच्या आसपास तर असल्या वस्तूचं नावही काढू नये. शेततळं सोयीचं, पण प्लास्टिकचं अस्तर शेवाळाने इतकं निसरडं होतं की पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही. काठाला बांधलेला दोर, अंगात लाइफ जॅकेट आणि सोबत दुसरा माणूस नसेल तर पाणबुडी गाडीतच राहू द्या. वर येण्याची विद्या आधी माणसाला लागू.

घराविषयीही दोन शब्द. सव्वादोन मीटरची वस्तू आमच्या जिन्याच्या वळणावर वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही. हे मला कवच पूर्ण झाल्यावर समजलं. ते तीन तुकड्यांत कापून पुन्हा जोडण्यासारखं करण्यात पावसाळा गेला. म्हणून या पुस्तकातलं पहिलं प्रकरण जिना मोजण्याचं आहे, वाचकाने हसून पुढे जाऊ नये. पुढची प्रकरणं ज्या क्रमाने काम करावं त्याच क्रमाने लावली आहेत: आधी सिलिंडर, मग पिचकाऱ्या, मग आपत्कालीन यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी कवच आणि रंग. बहुतेकजण उलट करतात, कारण कवच दिसतं आणि दिवाणखान्यात मिरवता येतं. जी पाणबुडी पिंपात नागडी वर येत नाही, ती काळा रंग लावून तळ्यातही येणार नाही.

हे पुस्तक ज्यांच्यामुळे झालं त्यांची नावं घातलेली त्यांना आवडणार नाहीत. झाकणांची खाच तीनदा फुकट काढून देणारे लेथवाले काका, चुलत्याच्या शेततळ्यावर दोर धरून उभा राहिलेला पुतण्या, पिंप अडवल्याबद्दल दोन वर्षं न कुरकुरता कपडे बादलीत भिजवणारी आमची ही, आणि सिलिंडरवर भिंग धरून “आजोबा, इथे केस आहे” असं सांगणारा शेजारचा तो मुलगा.

खांदेरीची शेवटची चाचणी त्याच शेततळ्यावर झाली. पाण्याखाली दीड मीटरवर ती चालत होती, गढूळ पाण्यात नुसती एक सावली. मी मुलाला म्हटलं, “बंद कर.” त्याने ट्रान्समीटरचं बटण बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. पिचकाऱ्या पूर्ण रिकाम्या व्हायला वीस सेकंद लागतात, हे दोघांनाही माहीत होतं. तो मोठ्याने मोजत होता, मी मनात. पलीकडे एक टिबुकली बुडाली. अठराला ती वर आली, भलतीकडेच. तेवीसला आमची आली, आधी टॉवर, मग पाठ, आणि फटींतून पाणी गळू लागलं. तीन सेकंद कुठे गेले, याचा शोध आम्ही त्याच संध्याकाळी सुरू केला.